आभायगाडीत जोडे चालत नाहीत

अंतराळवीरांच्या कपड्यांना काज-बटण करणारी बाई अख्ख्या जळगावात एकच होती, ती मी. हसू नका. मी आधी ब्लाऊज शिवायची, नंतरही ब्लाऊजच शिवले, पण मधली पुष्कळ वर्षं मी ‘आभायगाडी’चे कपडे शिवले आणि त्याच गाडीचा मेळ सांभाळला. आता हात कापतो, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. पण मेळ मात्र अजून डोक्यात पक्का बसलेला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आभाय म्हणजे आभाळ. ‘आभायगाडी’ ही आमच्या खानदेशी बोलीतली विज्ञानाची मालिका. आधी सीडीवर आठवडेबाजारात विकली जायची, पुढे मोबाईलवर आली. लिहिणारे आमचे नाना, चोपड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. गोष्ट एवढीच, की सातपुड्याच्या पायथ्याची पाच माणसं भंगारातून यान बनवतात आणि आभाळात ज्याचं यान बंद पडलं असेल त्याला दुरुस्त करून देतात. बंदूक नाही, लढाई नाही. आमचं यान ठिबकच्या नळ्या, केळीचे क्रेट आणि कूलरच्या जाळ्या यांचं होतं. दिसायला यानच दिसायचं, शपथेवर सांगते.

मेळ म्हणजे काय? शूटिंग कधीच ओळीनं होत नाही. यानाच्या दारातून माणूस आत शिरतो ते आज काढायचं, आणि तो बाहेरून दाराशी येतो ते दोन महिन्यांनी. मधल्या काळात त्यानं मिशी कापलेली असते, नाहीतर लग्न करून पोट सुटलेलं असतं. डाव्या खिशाचं बटण उघडं होतं की लावलेलं, कपाळावर ग्रीस कुठल्या बाजूला होतं, हे सगळं लिहून ठेवणारं कुणीतरी लागतं. मोठ्या ठिकाणी त्याला कंटिन्युटी म्हणतात म्हणे. आमच्याकडे नाना एवढंच म्हणाले, “शोभा मापं लिखी ठेवस, तिलेच सांगा.” झालं. मापांच्या वहीच्या मागच्या बाजूनं मी यानाचे नियम लिहायला लागले.

पहिला नियम मात्र नानांनी दिलेला नव्हता, तो शेठजींनी दिला. आम्हाला यान उभं करायला जागा हवी होती. गावात कापडाचं मोठं दुकान असलेले एक जैन शेठजी होते, त्यांच्या दुकानावर लांबरुंद सभागृह होतं. चातुर्मासात तिथं महाराजांची प्रवचनं चालत, एरवी ते रिकामं असे. नाना आणि मी विचारायला गेलो. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तर, यान उडवा, मंगळावर जा, आमची ना नाही. पण जोडे खाली जिन्यापाशी. आणि सूर्य मावळल्यावर वर कुणी काही खायचं नाही.” नाना हो म्हणाले. म्हणूनच आभायगाडीतले पाचही जण पहिल्या भागापासून अनवाणी फिरले आणि घंटा वाजली की आपलं जेवण उरकून घेऊ लागले. आभाळात कसला सूर्यास्त? पण घंटा वाजायची आणि डबे बंद व्हायचे.

आणि लोकांना ते इतकं आवडलं! लोकांना वाटलं, यान म्हणजे घर, घरात कोण जोडे घालून शिरतं? दुकानाच्या फरशीची गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नाही. कशाला सांगायची?

एकदा जामनेरच्या बाजारात सीड्यांच्या गाड्याशेजारी मी उभी होते. एक आडतदार गर्दीतून वाट काढत आला. पांढरा सदरा, हातात उपरणं, डोळे लाल. म्हणाला, “तुम्हीच का कपडेवाल्या अक्का? चौथ्या भागात यानात सँडल घालून कोण गेलं?” मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, “गेलंय. मागच्या बाजूनं, नळी धरून. माझी बायको म्हणते गेलंय, मी म्हणतो नाही. काल घरात चूल पेटली नाही.” मी घरी येऊन सीडी लावली. खरंच की! चहा आणून देणारा एक जण गर्दीत घुसवला होता, त्याच्या पायात सँडल. माझ्या नजरेतून सुटलं. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी पाव किलो पेढे घेऊन त्या आडतदाराच्या दुकानी गेले आणि सांगितलं, बाईंचं बरोबर आहे. तो पेढे घेईना. शेवटी त्याच्या बायकोनं घेतले.

तेव्हापासून मी फार कडक झाले. जरा जास्तच झाले. आमच्यात एक आबा होते, यानाच्या चालकाचं काम करायचे. त्यांनी एकदा मुलाच्या आठवणीचा असा प्रवेश केला की कॅमेरावाला रडला. पण त्यांच्या बाहीचं बटण आदल्या प्रवेशात हिरवं होतं आणि या प्रवेशात काळं. मी हट्ट धरला, हे चालणार नाही. तो प्रवेश काढून टाकला, पुन्हा केला तो आधीच्यासारखा झाला नाही. पुढच्या वर्षी आबा गेले. काढलेला तुकडा कुणी ठेवला नाही. एका बटणासाठी मी तो घालवला, याचं दुःख मला आजही होतं.

आता मंदाबद्दल सांगते, कारण ही सगळी हकीकत तिच्यामुळेच आहे. मंदा चोपड्याकडची, घरची केळीची शेती, माझ्याच वयाची. आभायगाडीत ती यानाची मिस्त्रीण, पानाअक्का. कमरेला पाना खोचलेला, तोंडात शिवी तयार. नानांनी तिला मुळात चार वाक्यं दिली होती. पण एके दिवशी शूटिंग चालू असताना मंदा मधेच थांबली, पाय फरशीवर दाबून उभी राहिली आणि म्हणाली, “नाना, यंत्र आजारी शे.” ‘शे’ म्हणजे आहे. खाली अंगणात आमचा जनरेटर होता. तो दोन मिनिटांनी खरोखर बंद पडला. नानांनी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, “मन्हा पायले समजनं.” घरच्या मोटरपंपाशी लहानपणापासून उभी राहिलेली बाई, तिला तळपायातून कळायचं. नाना हसले, “हाई मी लिखेल नव्हतं. पन आते हाईच ठेव.” आणि तिथून पानाअक्का बिघडलेल्या यानात शिरली की डोळे मिटून पाय टेकवायची आणि सांगायची, दुखणं कुठं आहे. बाजारात पोरंटोरं तिची नक्कल करायची. तरी सगळ्या भागांत मंदाचं नाव ‘आणि इतर’मध्येच राहिलं. निम्मा वेळ ती इंजिनाखाली आडवी, नुसते पाय दिसायचे, पोस्टरवर कोण घेणार?

मग दोनेक वर्षांपूर्वी धुळ्याचा रुपेश आला. तिशीतला, पुण्याला सिनेमा शिकून परतलेला, लहानपणी आभायगाडी बघून वाढलेला. त्याला आभायगाडीतून एक नवीन फांदी काढायची होती, एकट्या पानाअक्काची गोष्ट, तिचं स्वतःचं छोटं यान, हाताखाली चार-दोन नवी पोरं. नायिका मंदा! साठीला टेकलेली मंदा! तिनं मला फोन केला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं.

नानांची दृष्टी तोवर पूर्ण गेली होती. रुपेश परवानगी मागायला चोपड्याला गेला तेव्हा मीही होते. नाना खाटेवर बसून म्हणाले, “शोभा, माले आते दिसत नही. तू देख. तू ‘खरी शे’ म्हनशी तं नाव देसू, नही तं नही.” म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं. आभायगाडीचं नाव नाही तर पानाअक्का नाही. आणि पानाअक्का नाही तर मंदाही नाही. रुपेशला पैसे देणारी माणसं तयारच होती, कुणी तरुण नटी घेऊन दुसरंच काही काढायला.

नरडाण्याजवळ एका बंद गोडाऊनमध्ये त्यांनी यान उभारलं होतं. मी वही घेऊन गेले. आत शिरले आणि खरं सांगते, बघतच राहिले. दिवे काय, पडदे काय, दार आपोआप सरकतं. एका जागी माझ्या क्रेटच्या भिंतीसारखी भिंत होती, पण ती खरी लोखंडाची. मी वही उघडली आणि सुरू केलं. बिल्ला उजवीकडे का? डावीकडे हवा. घंटा पितळी होती, ही कसली टूंटूं? दिवा हिरवा होता, निळा का केला? रुपेश अर्धा दिवस “हो अक्का, हो अक्का” करत लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, “अक्का, तुम्ही शिंपी आहात की फौजदार?” सगळे हसले. मीही हसले, पण मला राग आला होता.

तेवढ्यात मंदा कपडे करून आली. गुडघ्यापर्यंत चकचकीत काळे बूट. मी म्हटलं, “हे काय? यानात जोडे चालत नाहीत. पहिला नियम आहे.” रुपेश म्हणाला, “अक्का, अंतराळात अनवाणी? आजची पोरं हसतील. आणि नियम तरी का? यानात जोडे का चालत नाहीत, एक कारण सांगा, मी आत्ता काढतो.”

आता काय सांगणार? मी खोटं बोलू शकत नव्हते. मी शेठजींच्या फरशीची सगळी गोष्ट सांगितली. गोडाऊनभर असा हशा पिकला की विचारू नका. रुपेश डोळे पुसत म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं सगळं आकाश शेठजींच्या फरशीला जपत होतं!” मी वही मिटली, पिशवी उचलली आणि निघाले. मंदा माझ्या मागून आली.

एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो. पारोळा गेल्यावर मंदा हळूच म्हणाली, “शोभा, तू ‘खरी शे’ म्हनी टाक ना. काय फरक पडस?” या बाईनं आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. एक शब्द तर होता. पण नाना तो शब्द माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून मागत होते. मी तिला म्हटलं, “मंदे, एकच सांग. त्या बुटांत तुला काम जमतंय का?” एरंडोल आलं तेव्हा ती म्हणाली, “पायले काहीच समजत नही.” आणि पदर तोंडाला लावला.

घरी येऊन मी वही पुन्हा उघडली. बिल्ला, बटण, दिवा, घंटा. पानंच्या पानं. एकेक ओळ वाचताना मला आबांचा तो प्रवेश आठवत होता. या सगळ्यातलं आभायगाडीचं काय आणि नुसतं माझ्या हट्टाचं काय? मला वाटायचं, खरं म्हणजे पहिल्यासारखं. तसं असेल तर लेक सासरी जाऊन कढीत चमचाभर साखर जास्त घालते, ती आपली राहत नाही का? मी पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ खोडत गेले. शेवटी एक उरली.

दुसऱ्या दिवशी एकटीच नरडाण्याला गेले. रुपेशला म्हटलं, “ऐक भाऊ. बिल्ला तुझा, दिवा तुझा, घंटा तुझी. जेवण कधी करायचं तेही तुझं. पाय तेवढे माझे. नियम फरशीमुळे आला, हे खरं. पण त्या फरशीवर मंदा उभी राहिली आणि तिला यंत्राचं दुखणं कळलं. ते फरशीचं नाही, ते तिचं आहे. बूट घातलेली बाई कितीही चांगलं काम करो, ती पानाअक्का नाही. बाहेर दगडधोंड्यांवर खुशाल बूट घाल. दाराशी काढ. हे जमलं तर मी ‘खरी शे’ म्हणेन, नाही तर नाही, मग मंदा माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल.” रुपेश हसला नाही. “विचार करतो, अक्का,” एवढंच म्हणाला.

चार दिवस काही नाही. मंदाचाही फोन नाही. पाचव्या दिवशी मी मशीनवर बसलेली, रुपेशचा फोन. “अक्का, सहा पायांचा पायजमा शिवता येईल?”

मी म्हटलं, “तू शुद्धीवर आहेस ना?”

तो शुद्धीवर होता, आणि त्याला जे सुचलं होतं ते ऐकून मी पाय मशीनवरून काढून घेतला. सांगते पुढे. आधी पायजमा. आयुष्यात इतके कपडे बेतले, पण तसला नाही. तीन माणसं एकामागे एक वाकून उभी, वरून एकच झगा. मधल्याला काही दिसत नाही, तो पुढच्याच्या कमरेला धरून चालणार. तीन आसनं, म्हणजे दोन पायांमधला भाग, एकात जोडायची, तीही अशी की एकानं पाय उचलला तर दुसऱ्याचा फाटू नये. मी कागदावर तीनदा कापलं, जुन्या चादरीवर दोनदा, मग कापडाला कात्री लावली. घालून बघायला तिघं जळगावला आले तेव्हा आमच्या गल्लीत रिक्षा थांबल्या. आणि तो पायजमा कुठंही ओढत नव्हता! या हातांनी केलेलं ते शेवटचं मोठं काम, आणि सगळ्यांत चांगलं.

तयार झालेली फिल्म पहिल्यांदा दाखवली चोपड्याच्या एका मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केलेला. बसायला जागा नव्हती. नाना पुढच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी, माझ्या पलीकडे मंदा, माझा हात घट्ट धरून. शब्द मी अजून दिलेला नव्हता. सगळं जोडलेलं पाहिल्याशिवाय देणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.

गोष्ट पुढे सरकते. पानाअक्काच्या यानाच्या दाराशी एक अनोळखी जीव येऊन उभा राहतो. प्रचंड, सहा पायांचा, प्रत्येक पायात लोखंडी जोडा. त्याला आपली भाषा येत नाही, आपल्याला त्याची. यानातले सगळे घाबरून कोपऱ्यात. एकटी पानाअक्का पाना घेऊन दारात उभी. तो पुढे येतो आणि थांबतो. खाली बघतो. दाराबाहेर यानातल्या सगळ्यांचे बूट ओळीनं काढून ठेवलेले आहेत. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघतो. मग वाकतो आणि स्वतःचा एक जोडा काढतो, आणि ओळीत ठेवतो.

दुसरा जोडा काढला, तेव्हा मागून कुणीतरी बोललं, “दोन!” तिसऱ्याला पाच-पन्नास आवाज आले, “तीन!” चौथ्याला सगळं कार्यालय. पाचवा निघाला. सहावा अडकला. तो बिचारा ओढतोय, निघत नाही, तोल जातोय. तेव्हा पानाअक्का पाना कमरेला खोचते, खाली बसते आणि दोन्ही हातांनी तो जोडा धरते. “वढ वं अक्का, वढ!” लोक खुर्च्यांवर उभे राहिले. जोडा निघाला, मंदा जोड्यासकट उताणी पडली आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की खिडकीची एक सतरंजी सुटून खाली आली.

नानांनी माझा दंड धरला. “लोके काय मोजी राह्यनात वं?” मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, बुटांची ओळ, सहा पाय, अडकलेला जोडा. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पाजलं तेव्हा म्हणाले, “हाई माले सुचनं नव्हतं.” मग पुन्हा तेच, हळू, स्वतःशीच. “हाई माले सुचनं नव्हतं.”

पडद्यावर पानाअक्का त्या पाहुण्याचं बंद पडलेलं यान बघायला निघाली. त्याच्या दाराशी थांबली, बूट काढले, आत पाय टेकला आणि डोळे मिटले. अख्खं कार्यालय तिच्या तळपायाकडे बघत होतं. मी मेळ शोधायचा प्रयत्न केला हो, सवयच ती. पण डोळ्यांत पाणी असलं की बटणं दिसत नाहीत.

दिवे लागले. रुपेश समोर येऊन उभा राहिला, घामानं डबडबलेला. नानांनी मान वर करून विचारलं, “बोल शोभा. खरी शे का?”

मी उठून उभी राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “खरी शे, नाना. आपण केली त्याहून बरी शे.”

टाळ्या थांबल्यावर नानांनी हात हवेत चाचपडत रुपेशला जवळ बोलावलं. “पोस्टरवर आभायगाडीनं नाव लाव,” ते म्हणाले, “पन खाले, बारीक. वर मंदानं नाव लाव. मोठं लाव. इतलं मोठं, का माले आंधळालेबी दिसाले पाहिजे.”

मंदाचं नाव, सगळ्यांत वर! मंदा तोवर रडली नव्हती. आता ती खुर्चीवरून उतरली, तिथंच फरशीवर मांडी घालून बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. मीही तिच्याशेजारी खाली बसले. गावच्या बाया एकेक करून आमच्याभोवती जमल्या, आणि ओळखीची असो नसो, प्रत्येक बाई तिला नावानं हाक मारत होती.